एनएस की ड्यूक? एकाच फाटकातून निघालेल्या दोन गाड्यांची गोष्ट

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)

इअरफोन घालून गाडीवर असाल तर आधी गाडी बाजूला घ्या, मग ऐका. आजचा विषय गाड्यांचाच आहे, पण त्यासाठी जीव धोक्यात घालायची गरज नाही.

सुरुवात एका फोनपासून करतो. माझा मामेभाऊ वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या एका गावात राहतो. वय बावीस. मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन. "दादा, झोपला तं नाही ना? एक सांग मले. एनएस घेऊ का ड्यूक? बाबा घेऊन देतो म्हणते, पण एकदाच."

"एकदाच" हा शब्द त्याने असा उच्चारला की मी उठून बसलो. मामाची शेती कोरडवाहू. सोयाबीन आणि तूर. सोंगणी झाली, हडंब्यातून माल निघाला, बाजार समितीत गेला की वर्षातून एकदा हातात रोकड येते आणि त्या रोकडीवर आधीच पाच जणांची नावं लिहिलेली असतात. त्यात यंदा सहावं नाव गाडीचं.

पोराने अभ्यास भरपूर केला होता. पल्सर एनएस २०० आणि केटीएम ड्यूक २००, दोन्ही नेकेड, दोन्ही दोनशे सीसी. चाळीस-पन्नास व्हिडिओ बघून झाले होते. कुणी म्हणतो ड्यूकला तोड नाही, कुणी म्हणतो एनएस म्हणजे पैसा वसूल. मी त्याला विचारलं, "या दोन्ही गाड्या कुठे बनतात, माहीत आहे का?" तो म्हणाला, "ड्यूक तं फॉरेनची हाय ना." म्हटलं, बाळा, दोन्ही चाकणला बनतात. पुणे जिल्हा, तालुका खेड. एकाच कंपनीचा कारखाना, एकच फाटक.

दोन सेकंद शांतता. मग, "मंग तीस-चाळीस हजार जास्त कायचे घेते?"

याच प्रश्नाचं उत्तर आज शोधायचं आहे, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आधी "नेकेड" या शब्दाचं बघू, कारण तो ऐकून घरातली मोठी माणसं अजूनही दचकतात. नेकेड म्हणजे इंजिन, फ्रेम, पाइप सगळं उघडं दिसणारी गाडी, पुढे काचेचं नि प्लास्टिकचं कवच नसलेली. आता गंमत बघा. आपल्या आजोबांच्या सगळ्याच गाड्या नेकेड होत्या. बुलेट नेकेड, जावा-येझदी नेकेड, दूधवाल्याची कॅन लटकवलेली राजदूत नेकेड. आणि सगळ्यात नेकेड कोण, तर लूना! १९७२ पासून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, फिरोदियांच्या कायनेटिकमध्ये बनायची. तिच्या अंगावर झाकण्यासारखं होतंच काय? पण कुणी तिला नेकेड म्हटलं नाही. सगळेच उघडे असतात तेव्हा कुणीच उघडा नसतो.

हा शब्द जन्माला आला तो कपडे घातलेल्या गाड्या आल्यावर. १९८५ मध्ये सुझुकीने जीएसएक्स-आर ७५० आणली. रेसच्या मैदानातली गाडी, पूर्ण फेअरिंगसकट, रस्त्यावर विकायला. त्या दशकात जपानी कंपन्यांच्या अशा गाड्या युरोपात भरपूर खपल्या. पण फेअरिंग फुटली की नवी घ्यायला खिसा रिकामा होतो. मग तिथल्या पोरांनी तुटकं प्लास्टिक काढून फेकलं, वर रुंद हँडल लावलं आणि तशीच गाडी हाणायला सुरुवात केली. स्ट्रीटफायटर म्हणतात ते हेच. कंपन्यांनी ते पाहिलं आणि मुद्दामच उघड्या गाड्या बनवायला घेतल्या. १९९२ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात दुकातीची मॉन्स्टर आली, मिगेल गालुझ्झी नावाच्या डिझायनरची. १९९४ मध्ये ऑस्ट्रियाच्या एका छोट्या कंपनीने पहिली ड्यूक आणली. तिच्याकडे नंतर येऊ.

आपल्याकडे बॉडी घातलेली पहिली गाजलेली गाडी म्हणजे २००३ ची करिझ्मा, ती पण अर्धीच झाकलेली. पूर्ण कवचाची यामाहा आर-१५ आली २००८ मध्ये. म्हणजे आपल्या भागात "नेकेड" हा शब्द फार जुना नाही. तुमच्या मोठ्या भावाच्या कॉलेजच्या दिवसांतला आहे, बस.

आता दुसरी गोष्ट. दोन गाड्या समोर ठेवायच्या, तुलना करायची आणि एक निवडायची, ही चैनसुद्धा नवीच आहे. माझ्या वडिलांच्या पिढीत गाडी निवडत नव्हते, गाडीचा नंबर लागायचा.

बजाजचंच घ्या. कंपनी १९४५ ची, सुरुवातीला बाहेरून व्हेस्पा स्कूटर आणून विकणारी. १९५९ मध्ये सरकारकडून दुचाकी-तिचाकी बनवण्याचा परवाना मिळाला. इटलीच्या पियाजिओबरोबरचा करार संपला तो १९७१ मध्ये आणि १९७२ मध्ये त्याच बांध्याची स्कूटर चेतक या नावाने आली. शिवाजी महाराजांच्या महाराष्ट्रात बनलेल्या स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव, पण ते असो. मुद्दा असा की त्या काळात किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यात लिहिलेलं असायचं. मागणी कितीही वाढली तरी कंपनीला मनाने उत्पादन वाढवता येत नव्हतं. मग रांग. चेतकसाठी वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं होती, आणि नंबर लागला की तीच गाडी जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला देऊन टाकणारीही होती. अशा वेळी "कोणती घेऊ" असं कोण विचारणार? मिळते का, एवढाच प्रश्न.

हे चित्र बदललं १९८० च्या दशकात. सरकारने जपानी कंपन्यांना भारतीय भागीदारांबरोबर यायला वाट दिली आणि दोन-तीन वर्षांत चार गाड्या येऊन धडकल्या. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १००. चारही शंभर सीसी. पहिल्यांदाच पानटपरीवर भांडायला विषय मिळाला. आरएक्सवाले पिकपचं सांगायचे, होंडावाले ॲव्हरेजचं. शेवटी जिंकलं कोण? ॲव्हरेज. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरा, असं सांगणाऱ्या हिरो होंडाच्या जाहिरातीने देशाला गाडी घ्यायची एक फूटपट्टी देऊन टाकली: एका लिटरमध्ये किती? आमच्याकडे आजही नवी गाडी दारात आली की शेजारचे काका पहिला प्रश्न तोच विचारतात. गाडी ड्यूक असली तरी. मग पोरगं पाच किलोमीटर वाढवून सांगतं.

१९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड आली, १५६.८ सीसीची. घरातल्या गरजेपेक्षा चालवणाऱ्याच्या हौसेसाठी घ्यायची गाडी. त्याच सुमाराला बजाजने चाकणचा कारखाना सुरू केला आणि २००१ च्या शेवटी तिथून पल्सर बाहेर पडली, १५० आणि १८० अशा दोन मापांत. त्या वेळी बजाज म्हणजे स्कूटरवाला, तीही उतरणीला लागलेली. राजीव बजाज पुण्याच्या सीओईपीतून शिकलेला इंजिनिअर. त्याने कंपनीचं तोंड मोटरसायकलकडे वळवलं. २००९ च्या डिसेंबरात तर कंपनीने स्कूटर बनवणंच थांबवणार असं जाहीर केलं. वडील राहुल बजाज यांना ते आवडलं नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. चेतकने घर उभं केलं होतं हो.

पल्सरची जाहिरात आठवते का? तुमच्यातल्या अनेकांचा तेव्हा जन्म नसेल झाला. "डेफिनेटली मेल." म्हणजे ही गाडी पुरुष आहे, असंच छातीठोकपणे. आज ऐकताना हसू येतं. २०१६ च्या शेवटी याच बजाजने डोमिनार ही मोठी गाडी आणली आणि तिची जोडणी चाकणला महिलांच्या लाइनवर होते हे कंपनीच अभिमानाने सांगत होती. पंधरा वर्षांत मर्दपणा कुठल्या कुठे गेला बघा. तरी गावातल्या पोरांच्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही, आणि नेकेड गाड्यांचा धंदा बऱ्यापैकी त्याच्यावरच चालतो, हेही खरं.

तर, सीबीझेड की पल्सर ही आपल्याकडची बहुधा पहिली अशी तुलना, जिथे दोन्हीकडे ॲव्हरेज बाजूला ठेवून लोक हॉर्सपॉवर, टायर आणि डिस्क ब्रेकबद्दल बोलले. २००८ मध्ये रुंद टाकीची नि जाड मागच्या टायरची यामाहा एफझी आली आणि गाडी "दिसते कशी" हाही हक्काचा मुद्दा झाला.

आता येऊ ऑस्ट्रियाकडे. मॅटिगहोफेन नावाचं छोटं गाव. १९३४ मध्ये हान्स ट्रुंकेनपोल्त्स या माणसाने तिथे गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं. केटीएममधला "टी" म्हणजे तो, "के" म्हणजे पुढे आलेला भागीदार क्रोनराइफ, आणि "एम" म्हणजे गाव. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाचं आणि गावाचं नाव लिहितात, तसंच. ही कंपनी चिखलमातीत पळवायच्या गाड्यांसाठी प्रसिद्ध, पण १९९१ मध्ये तिचं दिवाळं निघालं. पुढच्या वर्षी स्टेफान पिअरर यांच्या गटाने ती उचलली आणि १९९४ ची पहिली ड्यूक ही त्या दुसऱ्या जन्मातली गाडी.

नोव्हेंबर २००७ मध्ये बजाजने या केटीएमचे साडेचौदा टक्के शेअर घेतले. पुढे वाढवत वाढवत हिस्सा ४८ टक्क्यांच्या जवळ नेला. सौदा साधा होता. त्यांच्याकडे डिझाइन आणि रेसिंगचं नाव, आपल्याकडे स्वस्तात आणि मोठ्या संख्येने चांगली गाडी बनवायची हातोटी. २०११ मध्ये ड्यूक १२५ चाकणला बनून युरोपात विकायला गेली. लक्ष द्या, आधी युरोपात. तिकडे सोळा वर्षांच्या पोरांना १२५ सीसीपर्यंतचं लायसन्स मिळतं, त्यांच्यासाठी ती बेतलेली. जानेवारी २०१२ मध्ये भारतात आली ती ड्यूक २००, म्हणजे त्याच फ्रेमवर, त्याच अंगकाठीवर मोठं इंजिन.

हे मी का सांगतोय? कारण ड्यूकची मागची सीट इतकी टीचभर आणि उंच का, टाकी एवढीशी का, याचं उत्तर इथे आहे. तो सदरा मुळात युरोपातल्या शाळकरी पोराच्या मापाचा शिवलेला. मागे आई, मधे पिशवी आणि पुढे टाकीवर पुतण्या, हे माप शिंप्यापुढे ठेवलंच नव्हतं.

आणि त्याच जानेवारी २०१२ मध्ये, काही दिवसांच्या अंतराने, बजाजने पल्सर २०० एनएस दाखवली. एनएस म्हणजे नेकेड स्पोर्ट्स. दोन्ही गाड्यांच्या इंजिनाचं मोजमाप काढून बघा. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ४९ मिलिमीटर, क्षमता १९९.५ सीसी. दोन्हीकडे तेच. दशांशापर्यंत तेच. दोन्ही पाण्याने थंड होणारी, चार व्हॉल्व्हची, सहा गिअरची. चुलत भावंडं म्हणा, चेहरा वेगळा पण हाडं तीच.

मग फरक कुठे केला? ड्यूकमध्ये व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट दोन, एनएसमध्ये एक. ड्यूकला फ्युएल इंजेक्शन, एनएसला साधा कार्बोरेटर; ती कसर भरून काढायला बजाजने एकाऐवजी तीन प्लग बसवले. ड्यूकची फ्रेम पाइप जोडून केलेल्या जाळीची, एनएसची पत्रा दाबून केलेली. ड्यूकचे पुढचे शॉकअप उलटे, जाड नळी वर आणि बारीक खाली, त्यामुळे वळणावर पुढचा भाग लवत नाही, एनएसचे नेहमीचे. कंपनीच्या कागदावर ड्यूक १३६ किलोची, एनएस १४५ ची. ताकद ड्यूकची २५ हॉर्सपॉवर, एनएसची साडेतेवीस. किंमत? दिल्लीची शोरूम किंमत ड्यूकची एक लाख सतरा हजारांच्या वर, एनएसची ८४ हजारांच्या आसपास.

तेहतीस हजारांचा फरक. हे पैसे कशाला गेले हे वर सांगितलं तेच: एक जास्तीचा कॅमशाफ्ट, इंजेक्शन, चांगले शॉकअप, नऊ किलो कमी वजन. ते खोटं नव्हतं. मी दोन्ही चालवल्या आहेत. वळणावर ड्यूक तुमच्या मनातलं ओळखते, एनएसला सांगावं लागतं. पण सरळ रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना हा फरक तुम्हाला कळणार नाही. आणि दोन्हीचा एक समान दोषही सांगतो. रुंद सिलिंडर, आखूड प्रवास, म्हणजे इंजिन जोरात फिरलं तरच ताकद देणार. ड्यूकची पूर्ण ताकद दहा हजार आरपीएमला, एनएसची साडेनऊ हजारला. खाली, चौथ्या गिअरमध्ये चाळीसने चालवाल तर दोन्ही कण्हतात. आणि आमच्या रिसोड-मालेगाव भागात शेताच्या पांदीतून, सोयाबीनचे कट्टे भरलेल्या ट्रॉलीच्या मागे, चाळीसनेच चालवावी लागते बहुतेक वेळा. म्हणून स्प्लेंडर टिकून आहे, कुणी काही म्हणो.

थोडं थांबून चाकणच्या त्या फाटकाबद्दल बोलतो, कारण व्हिडिओत ते कुणी दाखवत नाही. या गाड्या आल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, २५ जून २०१३ ला, चाकणच्या बजाज कारखान्यात कामगारांनी संप केला. विश्व कल्याण कामगार संघटना ही त्यांची युनियन. मागण्यांमध्ये एक अशी होती जी देशभर गाजली: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर, एक रुपया दराने. म्हणजे आम्ही जे बनवतो त्याचे थोडे मालक आम्हालाही करा. कंपनीने मानलं नाही. सुमारे पन्नास दिवसांनी, ऑगस्टमध्ये, ती मागणी पदरात न पडताच संप मागे घेतला गेला. शेअर मागणं शहाणपणाचं होतं की नाही यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मला विचाराल तर मागणी अगदीच वेडी नव्हती. त्या भावाने ते शेअर मिळाले असते तर आज त्यांची किंमत एखाद-दोन नव्हे, बऱ्याच ड्यूकइतकी झाली असती.

आणि हे परक्याचं दुःख नाही. वाशीम, हिंगोली, बुलडाणा, यवतमाळ इथली कितीतरी पोरं आयटीआय किंवा बारावी करून चाकण, रांजणगाव, वाळूजला कंत्राटावर जातात. एका खोलीत सहा जण राहतात. दिवाळीला गावी येतात तेव्हा काहींच्या हाताखाली हप्त्यावरची गाडी असते. माझ्या मामेभावाचा वर्गमित्रही तिकडेच आहे. पोरं तिकडे जातात नि गाड्या इकडे येतात, असा हा रस्ता आहे.

आता हिशेब. आपल्याकडे किंमत लाखात मोजून काही कळत नाही, क्विंटलमध्ये मोजली की कळते. २०१२-१३ च्या हंगामात पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव होता २,२४० रुपये. त्या भावाने एनएस पडायची साडेसदतीस क्विंटलला, ड्यूक साडेबावन्न क्विंटलला. आज, २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे आणि ड्यूक २०० दोन लाखांच्या आसपास. भागाकार करा: साडेसदतीस क्विंटल. म्हणजे कागदावर बघाल तर २०१२ मध्ये जेवढ्या सोयाबीनमध्ये एनएस यायची, तेवढ्यात आज ड्यूक येते. वा! शेतकरी श्रीमंत झाला की काय?

थांबा. हमीभाव हा कागद आहे. यार्डात गेल्या दोन हंगामांत सोयाबीन बराच काळ चार ते साडेचार हजारांतच विकलं गेलं. बेचाळीसशेने धरलं तर तीच ड्यूक जाते ४७-४८ क्विंटलवर. कोरडवाहूला एकरी सहा क्विंटल उतारा पडला तर आठ एकरांचं सगळं पीक, बियाणं-खत-फवारणी-मजुरीचा एक रुपयाही वजा न करता, एका गाडीत. आणि मधे २०२१ च्या ऑगस्टच्या सुमाराला भाव दहा हजारांच्या घरात गेला होता तेव्हा? तेव्हा वीस क्विंटलमध्ये ड्यूक दारात आली असती. पण ऑगस्टमध्ये कुणाच्या घरी सोयाबीन शिल्लक असतं? तो भाव साठवून ठेवणाऱ्यांचा होता.

म्हणून मग हप्ता. गाडीसोबत कर्जही विकायचं ही युक्तीही जुनीच. बजाजने १९८७ मध्ये गाड्यांना कर्ज द्यायला वेगळी कंपनी काढली, बजाज ऑटो फायनान्स. आजची बजाज फायनान्स तीच, नाव २०१० मध्ये बदललं. सुरुवात गाडीच्या कर्जापासून, आता फ्रिजपासून मोबाइलपर्यंत सगळं. मी मामेभावाला सांगितलं, शोरूममध्ये हप्ता किती हे विचारू नकोस, सगळे हप्ते मिळून एकूण किती भरायचे हे लिहून घे. आणि पगारदाराचा हप्ता महिन्याला जातो, तुमचं उत्पन्न वर्षाला येतं. जून-जुलैत, पेरणीच्या तोंडावर, हप्ता कुठून भरणार हे आधी ठरव.

आता आजच्या दोन गाड्यांकडे या, कारण २०१२ चं चित्र आता तसं राहिलेलं नाही. २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा एनएसलाही इंजेक्शन मिळालं, ताकद साडेचोवीसवर गेली. २०२३ मध्ये तिला पुढचे उलटे शॉकअप आणि दोन्ही चाकांना एबीएस मिळालं. ड्यूकचं वजन मात्र नियम, एबीएस आणि मोठ्या टाकीने वाढत १५९ किलोवर आलं. एनएसही तिथेच आहे. म्हणजे ज्या गोष्टींसाठी ड्यूकला तेहतीस हजार जास्त मोजले जायचे त्यातल्या निम्म्याहून अधिक आता एनएसमध्येही आल्या. अर्ध्या हॉर्सपॉवरचा फरक राहिला. किमतीतला फरक तेवढा मिटला नाही, उलट रुपयांत वाढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा फायदाही दोन्हींना लागू, त्यामुळे तुलनेत काही हलत नाही.

आणि एक ताजा अध्याय. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने ऑस्ट्रियात पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज केला. तेहतीस वर्षांत दुसऱ्यांदा. गाड्या जास्त बनवल्या, विकल्या कमी, कर्ज डोक्यावर. २०२५ मध्ये बजाजने ८० कोटी युरोची तजवीज केली आणि वर्षअखेर कंपनी आपल्या ताब्यात घेतली. साडेचौदा टक्क्यांनी सुरुवात केलेला पाहुणा घरमालक झाला. तेव्हा "फॉरेनची गाडी" हे आता मालकीच्या बाबतीतही खरं राहिलं नाही. मामेभावाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा थोडा पडला असावा, फोनवरही जाणवलं.

मी त्याला एनएस घे म्हटलं. कारणं अशी. पहिलं, रस्ता. ड्यूकची खरी मजा जिथे आहे असा गुळगुळीत रस्ता आमच्या जिल्ह्यातून गेला आहे, समृद्धी. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, तिन्ही ठिकाणी चढउतार आहेत. पण त्यावर दुचाकीला बंदी. आपल्या वाट्याला येतो अकोला-वाशीम-हिंगोली महामार्ग आणि बाकी गावरस्ते. दुसरं, वर्कशॉप. बजाजची कामं जाणणारा मिस्त्री तालुक्याच्या गावात सापडतो. ड्यूकचं अधिकृत वर्कशॉप घरापासून किती किलोमीटरवर आहे हे मोजून बघ म्हटलं, आणि जाताना-येताना एक दिवसाची मजुरी बुडते तीही धर. तिसरं, वाचलेले पैसे. त्यात दोन चांगली हेल्मेट येतात, दुसरं मागे बसणाऱ्यासाठी, आणि तरी बरेच उरतात.

"ते सगळं खरं हाय दादा," तो म्हणाला, "पण ड्यूक ड्यूकच हाय."

याला उत्तर नाही माझ्याकडे. मी स्वतः बाविसाव्या वर्षी असंच काहीतरी बोललो होतो, दुसऱ्या एका गाडीबद्दल.

एक मात्र करायला लावलं. टेस्ट राइडला एकटा जाऊ नकोस, मामीला घेऊन जा, आणि दोन्ही गाड्यांवर तिला मागे बसव. आपल्या देशात मागे बसणाऱ्याला धरायला जागा आणि चाकात कपडा जाऊ नये म्हणून साडीगार्ड देणं कंपनीला कायद्यानेच बंधनकारक आहे, पण पोरं गाडी घरी आणली की तेच पहिलं काढून टाकतात. म्हटलं, ते काढायचं नाही या अटीवर बस तिला.

रविवारी दोघं वाशीमला गेले. संध्याकाळी मामीचाच फोन आला. एनएसवर ती आरामात बसली म्हणे. ड्यूकवर चढायलाच दोन माणसं लागली. "लयच उच्ची हाय रे ते," मामी म्हणाली. "त्याच्यावर बसलं की मले आभाय दिसते, रस्ता दिसत नाई."

मी म्हटलं, चला, मिटलं. रात्री मामेभावाचा मेसेज आला. "दादा, ड्यूकची मागची सीट खाली करून भेटते का कुठी?"